वाट पाहण्याचे काम

भाईंदरला राहणाऱ्या माणसाला वाट पाहण्याविषयी कोणी काही शिकवायला जाऊ नये. सकाळी आठच्या सुमारास फलाटावर उभे राहावे, विरारहून भरून आलेली लोकल समोर थांबावी, दाराशी लोंबकळणाऱ्या मंडळींनी आपल्याकडे दयेने पाहावे आणि गाडी निघून जावी, हा अनुभव मी दादरच्या एका शाळेत मास्तरकी करीत असताना एकतीस वर्षे घेतला. दुसरी येईल म्हणून उभे राहायचे. दुसरी येते, तीही तशीच जाते. या वाट पाहण्यात एक गोम असते. माणूस तेवढा वेळ दुसरे काहीच करीत नाही. वर्तमानपत्र हातात असते पण वाचून होत नाही, शेजारच्याशी बोलणे चालते पण लक्ष रुळांकडे असते. एकतीस वर्षांतली अशी किती तास मी नुसता उभा होतो, याचा हिशेब एकदा मांडायला घेतला होता. सौभाग्यवतींनी कागद काढून घेतला, ते बरे झाले.

याहून निराळे असे वाट पाहणे मला भाईंदरनेच दाखवले. मात्र त्यासाठी स्टेशनच्या पश्चिमेला बस धरून मुर्धा, राई, मोरवा ही गावे ओलांडून डोंगरीवरून उत्तनपर्यंत जावे लागते.

आम्ही १९८३ साली येथे राहायला आलो. तेव्हा भाईंदर म्हणजे मिठागरे, चिखल आणि डासांचे थवे. १९८५ मध्ये नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि मिठागरांच्या कडेने सातसात मजल्यांच्या इमारती उठल्या. पण बस मोरवा सोडून पुढे गेली की अजूनही हवा बदलते. रस्त्याच्या वळणावर पांढरा क्रूस दिसतो, त्याच्या पायथ्याशी झेंडूचा हार असतो आणि विझलेल्या मेणबत्तीचा थेंब दगडावर वाळलेला असतो. ही कोळ्यांची आणि आगऱ्यांची जुनी वस्ती. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यानंतर येथली पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. पुढे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले. कोळी राहिले, त्यांची होडकी राहिली आणि त्यांची देवळे राहिली. हो, देवळेच. उत्तनच्या आमच्या कोळीण मावशी चर्चला कधी चर्च म्हणत नसत. ‘रविवारी देवळात जायाचं हाय, मासळी लवकर घ्या,’ असे सांगत. डोंगरीचे देऊळ बेथलेहेमच्या माउलीचे, उत्तनचे समुद्राच्या माउलीचे. ज्यांचे सारे आयुष्य पाण्यावर, त्यांनी माउलीला समुद्राचे नाव द्यावे यात नवल ते काय!

या मावशी आमच्या घरी पंचवीसेक वर्षे मासळी घालीत होत्या. गळ्यात सोन्याच्या साखळीत क्रूस, अंगावर कोळणीच्या घट्ट नेसणीचे लुगडे, डोक्यावर पाटी. आमची देवघरातली घंटा वाजत असली तर दाराबाहेर थांबत आणि संपल्यावरच ‘मास्तर, पापलेट हाय’ म्हणून हाक मारीत. दिवाळीचा फराळ आमच्याकडून त्यांच्याकडे जाई, नाताळला त्यांच्याकडून नेवऱ्या येत. नेवरी म्हणजे आपली करंजीच. फक्त आपली करंजी दीडदोन महिने आधी येते, एवढाच फरक. दिवाळी जवळ आली की दुसरीही एक गोष्ट घडे. नोव्हेंबरच्या दोन तारखेला ख्रिस्ती लोक मृतांचा दिवस पाळतात. कबरी साफ करतात, फुले घालतात, मेणबत्त्या लावतात. काही वर्षी ती तारीख दिवाळीच्या अगदी लगत येते. त्या रात्री आमच्या गॅलरीत पणत्या आणि तिकडे स्मशानभूमीत ओळीने मेणबत्त्या. दोन्ही दिवे सारखेच मिणमिणतात.

मला त्यांच्या धर्माविषयी जे काही कळले ते पुस्तकांतून थोडे आणि मावशींकडून जास्त. नाताळ म्हणजे ख्रिस्ताचा जन्म, हे आपल्याला ठाऊक असते. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, हेही पुष्कळांनी ऐकलेले असेल. देवळात जांभळी वस्त्रे, हिरव्या पानांच्या वेढ्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. मला वाटे की ही बाळाच्या जन्माची तयारी. आपण गोकुळाष्टमीला पाळणा बांधतो तशी. ते खरेच आहे, पण अर्धेच. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी देवळात जे वाचले जाते ते बाळाविषयी नसतेच मुळी. ते पुन्हा येणाऱ्या ख्रिस्ताविषयी असते: तो येईल, न्याय करील, पण दिवस आणि घटका कोणालाच ठाऊक नाही, तेव्हा जागे राहा. म्हणजे होऊन गेलेल्या आगमनाचा आनंद आणि व्हावयाच्या आगमनाची धास्ती एकाच महिन्यात, एकाच देवळात! दर रविवारच्या मिस्सेतही, मध्यावर, सारी मंडळी मोठ्याने म्हणतात की तो मरण पावला, उठला आणि पुन्हा येणार आहे. उत्तनला हे मराठीत म्हणतात. १९६२ ते १९६५ या काळात रोमला जी महासभा भरली तिच्यानंतर लॅटिन जाऊन लोकांची भाषा आली. मावशींना लहानपणचे लॅटिन आठवे. ‘कळत काय बी नव्हतं, पन गोड लागायचं,’ असे त्या म्हणत. आमच्याकडच्या संस्कृतविषयी माझी आजी हेच म्हणे.

१९९९ सालच्या डिसेंबरात आमच्या इमारतीत मोठी गडबड उडाली होती. संगणक बंद पडणार, विमाने कोसळणार, कोणी म्हणे जगच बुडणार. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी दोन पोती तांदूळ आणि मेणबत्त्यांचा खोका आणून ठेवला. जग बुडाल्यावर ते भात कोणत्या गॅसवर शिजवणार होते हे त्यांनी सांगितले नाही. मी मावशींना गमतीने विचारले, ‘मावशी, तुमचा प्रभू या एकतीस तारखेला येणार म्हणतात, खरे का?’ त्या पाटी उतरवीत म्हणाल्या, ‘जग बुडायचं तं बुडंल, मास्तर. पन बोंबील आजच वलांडीवर घातलेत, ते परवा काढायला कोन येनार?’

मला हे उत्तर तेव्हा विनोदी वाटले. ज्यांनी उत्तनचा किनारा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: वलांडी म्हणजे बांबूंचे उंच मांडव, त्यांच्यावर बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून टांगतात आणि वाऱ्यावर सुकवतात. दोनतीन दिवस ऊन मिळाले पाहिजे, आणि नेमके वेळेवर काढले पाहिजेत. पुढे मी एकदा त्यांना नीट बसवून विचारले, की तो केव्हाही येईल असे म्हणता, तर धाकधूक नाही का वाटत? त्या म्हणाल्या, ‘घरची होडी समुद्रात गेली का आमची रोजच धाकधूक. भरतीला येतीय का रात्रीची येतीय, नेम नाय. म्हनून काय दारात बसून ऱ्हायाचं? चूल पेटलेली पायजे, पानी तापलेलं पायजे. आला तं जेवन मिळालं पायजे त्याला.’

हा प्रश्न काही माझ्या मनात प्रथम आलेला नाही. तो ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. इसवी सनाच्या सुमारे ५० व्या वर्षी पौलाने थेस्सलनीका या ग्रीक शहरातील भाविकांना जी पत्रे लिहिली त्यांत तो आहे. प्रभू आता येणारच, मग कशाला राबायचे, असा विचार करून तेथले काही लोक हातावर हात ठेवून बसले होते आणि इतरांच्या घरात डोकावत फिरत होते. पौल त्यांच्यावर चांगलाच रागावला. ज्याला काम करायचे नसेल त्याने ताटावरही येऊ नये, अशा अर्थाचे त्याने बजावले. त्याला तो अधिकार होता, कारण तो स्वतः तंबू शिवून पोट भरीत असे.

तरी माणसे गणिते मांडायची राहिली नाहीत. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने बायबलातील दानीएलाच्या पुस्तकावरून आकडेमोड केली आणि त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला. हजारो माणसे त्या रात्री आकाशाकडे डोळे लावून बसली. काहींनी शेतातले उभे पीकही काढले नव्हते, असे सांगतात. सकाळ झाली, नेहमीसारखी. त्या सकाळी ती माणसे परस्परांच्या तोंडाकडे कशी पाहत असतील याची मी पुष्कळदा कल्पना करतो. कित्येक निराश होऊन पांगले. पण त्यांच्यातून उरलेल्या काहींनी तारीख सोडली, आशा सोडली नाही. १८६३ मध्ये त्यांचा पंथ स्थिर झाला, आणि पुढे त्यांनी जगभर शाळा काढल्या, रुग्णालये काढली. पुण्याला औंधकडे जाताना स्पायसर नावाची त्यांची शिक्षणसंस्था लागते. प्रभू लवकरच येणार असे मानणारी माणसे पदवीचे अभ्यासक्रम चालवतात, झाडे लावतात, इमारतींना रंग देतात! कोणाला यात विसंगती दिसेल. मला तर यातच त्यांचे शहाणपण दिसते.

आणि लांब कशाला जायचे? आमच्या भाईंदरच्या खाडीचा पूल ओलांडला की वसई. तेथले फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्या सर्वांच्या परिचयाचे. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ च्या जुलैत ते वारले. हा धर्मगुरू रोज वेदीवर उभा राहून ख्रिस्ताच्या पुनरागमनाची घोषणा करीत होता, आणि त्याच काळात वसईच्या विहिरींचे पाणी टँकरवाले उपसून नेत होते म्हणून हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उतरत होता. जे जग एक दिवस संपणारच आहे त्यातल्या विहिरींची एवढी चिंता कशाला, असे त्यांना कोणी विचारले असेल की नाही कोण जाणे. माझ्या मते मालक परत येणार आहे असे ज्याला खरोखर वाटते तोच वाडीची राखण करतो. ज्याला मालकच नाही असे वाटते तो विहीर विकून मोकळा होतो. (आणि मालक आपणच आहोत असे ज्यांना वाटते, त्यांनी काय केले ते मिठागरांच्या जागी पाहावे. उत्तनच्या धावगी डोंगरावर साऱ्या शहराचा कचरा आणून टाकतात. तो पेटला की धूर थेट कोळीवाड्यात उतरतो. त्या कचऱ्यात माझ्याही घरच्या पिशव्या आहेतच.)

आपल्याकडे हा प्रसंग उलटा घडला आहे, असे मला नेहमी वाटते. पंढरपूरला देवच वाट पाहतो. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपीत होता, देव दाराशी आला, तेव्हा त्याने वीट फेकली आणि थांब म्हणाला. अठ्ठावीस युगे तो थांबलाच आहे. येथे माणसाचे काम चालू आणि देव उभा. तेथे माणूस वाट पाहणारा आणि देव यायचा. पण दोन्हीकडे काम काही थांबत नाही. रेव्हरंड टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. त्या पुलावरून उलट दिशेनेही चालता येते. मी अधूनमधून जाऊन येतो. मावशींना मी पुंडलिकाची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘मग त्या देवाला पानी कुनी इचारलं का नाय?’

११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान नावाचे वादळ कोकणच्या किनाऱ्यावर आले. मावशींच्या मुलाची होडी दोन दिवस आधीच समुद्रात गेली होती. आमच्याकडे खिडक्यांची तावदाने वाजत होती आणि आम्ही दूरदर्शनपुढे बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मी उत्तनला गेलो. घरात बायका जपमाळ घेऊन बसल्या होत्या आणि मावशी चुलीपुढे होत्या. मोठ्या टोपात भात शिजत होता. एवढा भात कोणासाठी, असे विचारायला जीभ उचलली नाही. होडीवर सात माणसे होती, भात सातांचा होता. संध्याकाळी तो शेजारच्या पोरांना वाढून टाकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चढवला.

होडी तिसऱ्या दिवशी आली. सहा माणसे आली. सातवा खलाशी, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणूकडच्या एका पाड्यावरचा, लाटेने फेकला गेला होता. तो मिळाला नाही. त्याच्या पाड्यावर बायको आणि दोन मुली. प्रेत नाही म्हणून कागद पुढे सरकेनात. ज्या माणसाची सात वर्षे काही वार्ता नाही तो गेला असे कायदा धरतो, त्याआधी पुरावा मागतो. मावशींचा मुलगा म्हणाला, आपण काही रक्कम देऊ आणि मोकळे होऊ. मुलगा वाईट नव्हता. होडीचे नुकसान झाले होते, जाळी गेली होती, डिझेलची उधारी होती.

मावशी ऐकेनात. त्यांच्या होडीवर मिळकतीचे वाटे पडत. त्यांनी सांगितले की वाटे पूर्वीप्रमाणेच पडतील. त्याचा वाटा वेगळा काढायचा आणि महिन्याच्या महिन्याला पाड्यावर पोचवायचा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेवढे दोन महिने सोडून. पहिल्या वर्षी घरात यावरून बरीच आदळआपट झाली. सुनेने माझ्याकडे येऊन गाऱ्हाणे घातले, ‘मास्तर, तुमी तरी सांगा. दुसऱ्याच्या पोरींना वाटा आन् आमच्या पोराची फी थकलीय.’ ती काही खोटे बोलत नव्हती. मी गेलो, आणि शिक्षकाच्या सवयीने दोन्ही बाजू मांडल्या. मावशींनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ‘त्यो आला आन् इचारलं, माझ्या पोरी काय खात व्हत्या, तं मी काय सांगू? डिझेल महाग झालं म्हनून सांगू?’

‘तो’ म्हणजे कोण, हे मी विचारले नाही. आगमनकाळाच्या आदल्या रविवारी, ख्रिस्तराजाच्या सणाला, तीन वर्षांतून एकदा देवळात शेवटच्या न्यायाचा भाग वाचतात. त्यात राजा कोणाला प्रार्थना किती केल्या असे विचारीत नाही. भुकेल्याला जेवण दिले का, उघड्याला वस्त्र दिले का, एवढेच विचारतो. आणि गंमत अशी की ज्यांनी दिले त्यांना आपण कोणाला देत आहोत याचा पत्ताच नसतो. हे वाचन मावशींनी जन्मभर ऐकले होते. पण त्या दिवशी त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही. सुनेला म्हणाल्या, माझी साखळी मोड आणि फी भर. साखळी मोडली. क्रूस काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला, तो आजही तसाच आहे.

वाटा नऊ वर्षे जात होता. आधी मुलगा कुरकुरत पोचवी, मग न कुरकुरता. विरारला गाडी बदलून पुढची पॅसेंजर पकडायची, पाड्यापर्यंत चालायचे. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल जाऊ लागली तेव्हा त्याचा त्रास थोडा कमी झाला. सात वर्षे भरली, कागद हलले, थोडी सरकारी मदत त्या बाईला मिळाली. मावशींनी वाटा थांबवला नाही. कायद्याने तो माणूस गेला होता, त्यांच्या वहीतून गेला नव्हता.

२०१८ च्या पावसाळ्यानंतर ती बाईच मोठ्या मुलीला घेऊन उत्तनला आली. मुलीने परिचारिकेचा अभ्यास पुरा केला होता आणि तिला नोकरी लागली होती. येताना त्यांनी पाड्यावरची काकडी आणि नाचणी आणली होती. बाई म्हणाली, आता पुरे, आता पाठवू नका. मावशींनी बरे म्हटले. वही आणवली, नातवाकडून शेवटची ओळ लिहवून घेतली आणि त्या दोघींना जेवायला बसवले.

आता मावशी ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. पाटी सुनेच्या डोक्यावर आली आहे. वाटा बंद झाला, पण नाताळच्या आधी सुक्या बोंबलांचे एक गाठोडे दरवर्षी पहाटेच्या गाडीने डहाणूला जाते. ते घेऊन नातू डब्यात चढला की आजूबाजूची माणसे आपोआप सरकतात, आणि भाईंदरच्या फलाटावरून गाडीत शिरून बसायला जागा मिळालेला असा तो एकच प्रवासी मला ठाऊक आहे.